माणसाचं नेट आणि घराचं नेट

चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत मामा-भाचीचा एक वाद गेला पावसाळाभर चालू आहे. भाची पुण्यातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. महिन्यातले काही दिवस ती आजोळी येऊन राहते, तिथूनच काम करते आणि लॅपटॉपला लागणारं सगळं नेट स्वतःच्या फोनवरून घेते. घरात वेगळं ब्रॉडबँड घ्यायची गरजच काय, असा तिचा सवाल. मामांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. खांबावरच्या तांब्याच्या तारेपासून काचेच्या फायबरपर्यंत सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलं आहे. फोनवरून लॅपटॉप चालवणं ही अडल्यावेळची सोय आहे, ती घराची व्यवस्था होऊ शकत नाही, असं त्यांचं ठाम मत.

वरवर पाहता हा वेगाचा आणि पैशाचा वाद आहे. खोलात गेलं की वेगळंच काही हाती लागतं.

"आज दीड तास मीटिंग चालली. एकदाही आवाज तुटला नाही," भाची जेवताना म्हणाली. "आणि तू म्हणतोस या घरात रेंज नाही!"

"नाहीच," मामा म्हणाले. "तू फोन कुठे ठेवला होतास ते सांग आधी."

फोन माडीवरच्या खिडकीत होता आणि त्यालाही कारण होतं. या घराची अडचण कोकणातल्या पुष्कळ घरांची आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड. आणि कौलं उतरवून वर पन्हळी पत्रे घातलेले. मोबाइलच्या लहरी कौलांतून बऱ्यापैकी आत येतात, धातूचा पत्रा मात्र त्यांना परतवून लावतो. माजघरात फोनवर रेंजची एकच दांडी दिसते. भाची दांड्यांवर विसंबत नाही, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्या फोन कंपन्यांना लागू होणारा नियमच नाही. ती सेटिंग्जमध्ये फोनची माहिती उघडते. तिथे सिमच्या तपशिलात सिग्नलचा आकडा असतो. माजघरात तो होता उणे ११५ डीबीएम. फोन हातात धरून ती जिना चढली, पश्चिमेकडच्या खिडकीशी गेली, तर उणे ९५. हा फरक वीस डेसिबलचा, म्हणजे सिग्नलची ताकद शंभरपट. फोन तोच, सिम तेच, टॉवरही तोच.

"म्हणून फोन खिडकीत, तिथून लांब केबल आणि केबलच्या टोकाला लॅपटॉप," ती म्हणाली. "लोक फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवतात आणि नेट चालत नाही म्हणून रडतात. रेंज फोनला लागते, लॅपटॉपला नाही."

मामांना हे पटलं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं: सिग्नल कुठे येतो ते शोधायचं आणि तिथून तार ओढायची.

"पण सगळी पोरं हॉटस्पॉट लावतात. तू केबल का जोडतेस?"

"घाईत मीही हॉटस्पॉटच लावते. पण त्यात फोन एकाच वेळी दोन कामं करतो. टॉवरशी बोलतो आणि लॅपटॉपसाठी स्वतः वाय-फाय फेकतो. बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो. केबल लावली की वाय-फायचं काम वाचतं आणि लॅपटॉपकडून चार्जिंगही होत राहतं."

ब्लूटूथवरूनही नेट देता येतं. बॅटरी त्यात सर्वांत कमी लागते, पण वेग दोन मेगाबिटच्या आसपास अडकतो. मेल पाहायला तेवढा पुरे. हॉटस्पॉटच लावायचा तर त्याच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन पर्याय असतात. पहिला भिंतीपलीकडे पोचतो, दुसरा वेगवान पण एका खोलीपुरता. माडीवर फोन आणि माजघरात लॅपटॉप असेल तर २.४ घ्यावा. लॅपटॉप मॅकबुक आणि फोन अँड्रॉइड असला, तर केबलची जोडी अनेकदा जमतच नाही, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनची यूएसबीवर नेट देण्याची पद्धत मॅकला मुळात येत नाही. तिथे वाय-फायच बरं.

पहिल्या दिवशी केबलनेच घोळ घातला होता. मामांनी कपाटातून काढून दिलेल्या केबलवर फोन चार्ज व्हायला लागला, पण यूएसबी टेदरिंगचं बटण फिकटच राहिलं. भाचीने फोन बंद करून चालू केला, लॅपटॉपचं दुसरं पोर्ट वापरून पाहिलं. मामांनी केबल हातात घेतली, दोन बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाले, "ही नुसती चार्जिंगची आहे." साध्या यूएसबी केबलमध्ये निदान चार तारा हव्यात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोनला वीज मिळते, पण पलीकडे लॅपटॉप आहे हे त्याला कळतच नाही. फोनबरोबर आलेली केबल लावली आणि बटण उजळलं. ते सुरू करताच लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात वाय-फायच्या चिन्हाच्या जागी तारेच्या जोडणीचं चिन्ह आलं. लॅपटॉपच्या दृष्टीने फोन आता एक नेटवर्क कार्ड झाला होता.

"बघितलंस? शेवटी तारच लागली," मामा म्हणाले.

तारेचा अभिमान त्यांच्या बोलण्यात वारंवार येतो आणि तो पोकळ नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट आणि एकट्या माणसाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत. तेव्हाचा कॉम्प्युटरही फोनवरूनच नेटला जात असे. मॉडेम टेलिफोनच्या लाइनवर नंबर फिरवायचा, पलीकडच्या मॉडेमशी चिरक्या आवाजात बोलायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. पुढे वेग वाढला, तरी ५६ किलोबिटच्या पुढे काही गेला नाही.

"म्हणजे तुझ्या काळातसुद्धा लॅपटॉप फोनलाच जोडत होते," भाची म्हणाली. "मग माझं काय चुकलं?"

"तो फोन भिंतीवर होता, बाय. खिशात घालून कोणी निघून जात नव्हतं."

हे वाक्य मामांनी सहज टाकलं. सगळा वाद पुढे याच वाक्यापाशी येऊन थांबणार होता, पण भाची तेव्हा मोबाइलच्या इतिहासात शिरली होती.

मोबाइलवरून लॅपटॉप जोडणं अँड्रॉइडच्या आधीचं आहे. नोकियाच्या काही फोनना आणि त्या वेळच्या लॅपटॉपना अवरक्त किरणांची खिडकी असायची. दोन्ही समोरासमोर, हातभर अंतरात ठेवायचे, मध्ये काही येऊ द्यायचं नाही आणि लॅपटॉपवरून *९९# हा नंबर फिरवायचा. जीपीआरएसवर ४०-५० किलोबिट मिळाले तरी लोक खूश असत. रिलायन्सच्या सीडीएमए फोनला डेटा केबल लावून #७७७ फिरवलं की त्याहून बरा वेग मिळायचा. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी जणांनी कॉम्प्युटरवर नेट पहिल्यांदा पाहिलं ते असं. या सगळ्यात फोन मॉडेमचं काम करत होता. नंबर फिरवण्याचा हुकूम लॅपटॉप द्यायचा आणि त्या हुकमाची भाषा १९८१ सालच्या हेज स्मार्टमॉडेमची होती. 'एटीडी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या आज्ञा मामांना तोंडपाठ आहेत. मोबाइल मॉडेमसाठी ठरवलेल्या मानकांमध्येही त्या अजून टिकून आहेत, हे भाचीने सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उजळला.

मे २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत यूएसबी टेदरिंग आणि वाय-फाय हॉटस्पॉट ही दोन बटणं आली आणि चित्र पालटलं. तेव्हापासून फोन मॉडेम राहिला नाही, राउटर झाला. आधी नेटवरचा पत्ता थेट लॅपटॉपला मिळत असे. आता तो फोनला मिळतो. लॅपटॉपला फोन आपल्या पदरचा एक खासगी पत्ता देतो आणि ये-जा करणारं प्रत्येक पाकीट स्वतः तपासून पुढे पाठवतो.

"त्यात आणखी गोम आहे," मामा म्हणाले. "फोनला जो पत्ता मिळतो तोही बहुतेक वेळा खरा नसतो. मोबाइल कंपनी हजारो ग्राहक एका पत्त्याआड बसवते. म्हणजे तुझा लॅपटॉप दोन दारांच्या आत. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. उद्या मी गोठ्यावर कॅमेरा लावला आणि तुला पुण्याहून थेट बघायचा म्हटलं तर?"

"कॅमेरे हल्ली आपणहून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात, मामा, बाहेरून कोणी दार ठोठवावं लागत नाही. आणि फायबर घेतलंस तरी घरगुती जोडणीला बहुधा असाच आडोशातला पत्ता मिळतो. वेगळा हवा तर जादा पैसे."

इथे भाचीचं बरोबर आहे. तारेच्या बाजूने सांगितले जाणारे पुष्कळसे फायदे आता दोन्हीकडे सारखेच झाले आहेत. उरतात दोन. पहिला म्हणजे पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरवर तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, फोर-जीवर त्याच्या तीन-चारपट आणि संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की त्याहून जास्त. दुसरा फायदा डेटाच्या मर्यादेचा.

मर्यादेच्या बाबतीत मात्र भाचीलाही आखूनच चालावं लागतं. तिच्या सिमवर दिवसाला दोन जीबी. फाइव्ह-जीच्या परिसरात काही योजनांत ही मर्यादा लागत नाही, पण वाडीत फोर-जीच पोचतं. एचडी चित्र चालू ठेवलेली सामूहिक मीटिंग तासाला जीबीभर डेटा सहज खाते. चित्र बंद केलं आणि नुसता आवाज ठेवला तर तासाला १०० एमबीही लागत नाहीत. दोन जीबी संपले की वेग उतरतो ६४ किलोबिटवर. त्या वेगाने एक एमबीची फाइल यायला दोन मिनिटं लागतात.

"पहिल्या खेपेला सकाळी साडेदहालाच मेसेज आला, डेटा संपला म्हणून," भाची सांगते. "मी तर मेलसुद्धा उघडला नव्हता."

डेटा लॅपटॉपने खाल्ला होता. फोनला ठाऊक असतं की आपण मोजून मिळालेल्या डेटावर आहोत. लॅपटॉपला ते ठाऊक नसतं. वाय-फाय दिसलं की ते घरचं मोकळं नेट समजून विंडोज अपडेट उतरवायला लागतं आणि फोटो क्लाउडवर चढवायला लागतं. त्यावर उपाय एका बटणाचा आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' असा पर्याय असतो. तो सुरू केला की मोठी कामं थांबतात. तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळा सुरू करावा लागतो. हॉटस्पॉटला केला म्हणून यूएसबीला लागू होत नाही. फोनवरून नेट घेणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी शिकावी अशी एकच गोष्ट सांगायची तर ती ही. दुकानदार सिम विकताना ती सांगत नाही आणि लॅपटॉप विकणाराही सांगत नाही.

दुसरा घोळ दोन सिमांचा. आपल्याकडे बहुतेक फोनमध्ये दोन सिम असतात. भाचीचा डेटा एका सिमवर आणि घरच्यांचे फोन दुसऱ्यावर. परवा मीटिंगच्या मध्यात आईचा फोन दुसऱ्या सिमवर आला, तिने तो उचलला आणि लॅपटॉपवरची माणसं जागच्या जागी थिजली. साध्या दोन सिमांच्या फोनमध्ये एका वेळी एकच सिम टॉवरशी बोलू शकतं. बोलणं दुसऱ्या सिमवर चालू असेतो पहिल्याचा डेटा थांबतो. डेटाच्याच सिमवर फोन आला असता, तर फोर-जीवर बोलणं आणि नेट दोन्ही चाललं असतं. काही फोनमध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरू देणारं बटण असतं. नसेल तर कामाच्या वेळेपुरते दुसऱ्या सिमचे फोन पहिल्या सिमवर वळवून ठेवावेत. भाची आता तेच करते.

"बघ, किती उपद्व्याप," मामा म्हणाले. "खिडकी शोधा, केबल शोधा, बटण दाबा, फोन वळवा. फायबर घेतलं की चारशे-पाचशे रुपये महिना आणि विषय संपला."

"गेल्या जूनमध्ये फणसाची फांदी पडून फायबर तुटली, तेव्हा शेजारच्या गावातलं नेट किती दिवस बंद होतं?"

मामा यावर गप्प राहिले नाहीत, कारण फायबर जोडणं त्यांनी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यांनी ते हातवारे करून सांगितलं. आतली काच मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाड. वरचं आवरण सोलायचं, काच स्पिरिटने पुसायची, खास कातरीने तिचं टोक काटकोनात तोडायचं. दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्राच्या पडद्यावर ती मोठी करून दिसतात. मग विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा वितळून एक होतात. वर नळी चढवून तापवली की सांधा पक्का. हे काम काही मिनिटांचं. वेळ जातो तो तुटलं कुठे ते शोधण्यात, यंत्र असलेला माणूस तालुक्याहून येण्यात आणि भर पावसात खांबापर्यंत पोचण्यात.

"आणि तुझा टॉवर?" मामांनी उलटा सवाल केला. "त्याला नेट कुठून येतं? त्यालाही बहुधा फायबरच येते. जेसीबीने रस्त्याकडेची फायबर उखडली की टॉवरच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट शून्य. फोन बिनतारी आहे तो फक्त टॉवरपर्यंत."

संकटात दोन्ही कसे निकामी होतात हे कोकणाने जवळून पाहिलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले. टॉवरला विजेअभावी काही तास बॅटरी तारते, नंतर डिझेलचा जनरेटर, आणि रस्ते बंद झाले की डिझेलही पोचत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हाही संपर्काची साधनं पाण्याबरोबरच गेली. अशा वेळी थोडीशी सरशी फोनची होते, कारण तो हातात घेऊन रेंज असेल तिथे चालत जाता येतं. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर रेंज मिळते म्हणून तिथे झोपडी बांधून घेतली आणि भर पावसाळ्यात वर्ग केले, ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली होती. गावात धड जोडणी नसल्यामुळे शिकणाऱ्या मुलीला डोंगर चढावा लागला, याचं दुःख मामांना आजही होतं. भाचीला त्याच बातमीत मुलीची हिंमत दिसते आणि तिच्या हातातला फोनही दिसतो.

प्रवासात तर तारेचा प्रश्नच नसतो. भाची पुष्कळदा मुंबईहून कोकण रेल्वेने येते आणि गाडीत बसून काम करते. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे. तिने म्हणून एक पद्धत ठेवली आहे. गाडीत मीटिंग घ्यायची नाही, आधी उतरवून ठेवलेल्या फायलींवर काम करायचं आणि स्टेशन आलं की हॉटस्पॉट लावून सगळं एकदम पाठवायचं. "तुटक नेटवर काम करायची एक शिस्त असते," ती म्हणते, "आणि ती मला फोनने लावली."

मग मामांनी विषय खऱ्या जागी आणला.

"तुझ्यापुरतं तुझं सगळं बरोबर आहे. पण गेल्या मंगळवारी काय झालं? शेजारचा पोरगा तुझ्या लॅपटॉपवर सीईटीचा फॉर्म भरत बसला होता. तू बाजारात गेलीस, फोन तुझ्याबरोबर गेला, आणि त्याचा फॉर्म अर्ध्यात राहिला. मामीला सातबारा काढायचा होता, तीही तशीच बसून. तार घराची असते. घरात जो कोणी असेल त्याची असते. फोन माणसाचा असतो; माणूस उठला की नेट उठलं."

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मामांचा मुद्दा नुसता घरगुती नाही. देशात २०२४ मध्ये ब्रॉडबँडचे ग्राहक ९० कोटींवर होते आणि त्यांत तारेच्या जोडण्या सुमारे ४ कोटी. म्हणजे देशाचं नेट जवळजवळ सगळं माणसांच्या खिशात आहे. आणि खिसे सगळ्यांचे सारखे नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. स्वतः वापरण्याचा मोबाइल असलेल्या स्त्रिया निम्म्याहून थोड्याच जास्त, ५४ टक्के. ज्या घरात नेट म्हणजे वडिलांचा किंवा मुलाचा फोन, त्या घरात तो बाहेर पडला की आई, आजी, शाळकरी मुलगी नेटबाहेर जातात. लॅपटॉप टेबलावर असतो, पण त्याचा उपयोग नसतो. शाळेने दिलेला लॅपटॉप किंवा शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतलेला टॅब अशा घरात नुसता पडून राहतो तो यामुळे.

"हे मला मान्य आहे," भाची शेवटी म्हणाली. "पण तू दुसरी बाजू बघ ना. तार घराची म्हणतोस, पण बिल कुणाच्या नावावर असतं? राउटर कुठे असतो? पुढच्या खोलीत, पुरुषमंडळी बसतात तिथे. पासवर्ड त्यांच्याकडे. माझ्या मैत्रिणीच्या सासरी रात्री दहाला राउटर बंद करतात, वीज वाचवायला म्हणून. तिचा ऑनलाइन कोर्स रात्री दहालाच सुरू होतो. तिने स्वतःच्या फोनवर सिम घेतलं, स्वतःच्या पैशाने रिचार्ज केला आणि लॅपटॉपला जोडला. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं नेट, जे दुसरं कोणी बंद करू शकत नाही."

तिने पुण्यातल्या आपल्या खोलीचंही सांगितलं. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींना ब्रॉडबँड घेता येत नाही. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, पत्त्याचा पुरावा त्यांच्याकडे नसतो आणि सहा महिन्यांनी खोली बदलायचीच असते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या हजारो मुलांचंही तेच. त्यांच्यासाठी फोनवरची जोडणी ही अडल्यावेळची सोय नाही. तीच त्यांची एकमेव आणि पुरेशी व्यवस्था आहे.

"विहीर घराची असली तरी कळशी आपली लागते, मामा. वाटेत तहान लागली तर विहीर उचलून नेता येत नाही."

"आणि कळशीवर घर चालत नाही," मामा म्हणाले.

इथे दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. मुळात कोणाला काय लागतं हा प्रश्न वेगाच्या आकड्यांनी सुटत नाही. आधी विचारावं लागतं, की हे नेट घरातलं कोण वापरणार आणि फोनवाला माणूस नसताना त्याचं काय होणार. एकट्या राहणाऱ्या, फिरतीवर असणाऱ्या माणसाने ब्रॉडबँडच्या मागे लागू नये. चांगला फोन, चांगली केबल आणि मीटर्डचं बटण त्याला पुरतं. पण ज्या घरात शिकणारं मूल आहे आणि दिवसभर घरी राहणारं माणूस आहे, तिथे नेट जागचं हलता कामा नये. इतकं म्हटल्यावर मामांचं पारडं थोडं जड होतं हे मान्य करायला हवं.

भाचीनेही ते मान्य केलं, पण तारेला नाही. तिने वेगळीच तोड काढली. "माझा जुना फोन आहे. त्यात वेगळं सिम घालते आणि माडीच्या खिडकीत कायमचा ठेवते. हॉटस्पॉट चोवीस तास चालू. तो घराचाच झाला."

"नाही!" मामा एकदम म्हणाले. "फोन चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायचा नाही. बॅटरी फुगते. खिडकीत ऊन येतं, वर पत्रा तापतो. कोणाचं लक्ष नसताना ते पेटलं तर?"

हा धोका खरा आहे. लिथियमची बॅटरी सतत भरलेली आणि सतत गरम राहिली की लवकर खराब होते आणि जुनी असेल तर फुगते. काही नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, जुन्यात ती क्वचितच. त्यापेक्षा सिम घालायची खाच असलेला फोर-जी राउटर घ्यावा. तो थेट विजेवर चालतो, आत बॅटरी नसते. काहींना बाहेरचा अँटेना जोडता येतो, म्हणजे अँटेना पत्र्याच्या वर आणि राउटर माजघरात. शहरांत हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं. एअरटेलने त्याआधीच्या महिन्यात आपलं आणलं होतं. घराच्या गच्चीवर फाइव्ह-जीचा डबा, तिथून तार खाली, आणि खाली नेहमीचं वाय-फाय. त्यात सिम आहे, टॉवर आहे, पण ते कोणाच्या खिशातून निघून जात नाही.

"असा राउटर चालेल मला," मामा म्हणाले. "पण अँटेना मी लावणार. आणि सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं ते दुकानदाराला विचारायचं नाही."

"मग कोणाला विचारायचं?"

"मोजायचं. तुझं सिम आणि माझं सिम, दोन्ही घेऊन वर चढायचं. दुपारी एकदा आकडा बघायचा आणि रात्री नऊला एकदा, सगळं गाव मालिका बघत असताना. आकडा दोन्ही वेळेला सारखाच येईल, पण वेग पडेल. ज्याचा कमी पडेल ते सिम."

भाचीने वहीत दोन रकाने आखले. फायबरचा अर्ज मामांनी अजून फाडलेला नाही. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर वाडीत कधी पोचते त्याची चौकशी ते सोमवारी करणार आहेत.